त्यांचं प्रेत एचडीत, आपलं धूसर

वृत्तवाहिनीवर पट्टी येते: ‘पुढील दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात.’ ही पट्टी दिसली की सुज्ञ प्रेक्षक हातातला रिमोट खाली ठेवतो आणि आतल्या खोलीतल्यांना हाक मारतो. मग दहा सेकंदांची तीच दृश्यं पाऊण तास फिरत राहतात. वर लाल गोल, लाल बाण, मागे ढोल, खाली सिमेंटची जाहिरात. प्रेत तेवढं धूसर केलेलं असतं. वाहिनीला काही संवेदना आहे की नाही, असं उद्या कुणी विचारलंच, तर ते चौकोनी ठिपके दाखवायला कामाला येतात.

दर युद्धात या विषयावर एक परिसंवाद होतो. युद्धात मेलेल्यांचे फोटो छापावेत का, दाखवावेत का? एक वक्ता म्हणतो, दाखवा. युद्ध म्हणजे काय असतं ते लोकांना कळू द्या. दुसरा म्हणतो, नको. मेलेल्या माणसाची विटंबना होते, घरात लहान मुलं असतात. दोघंही मनापासून बोलतात. पुढच्या युद्धात मरणारे बदलले की दोघं खुर्च्यांची अदलाबदल करतात आणि तितक्याच मनापासून बोलतात. म्हणून त्या परिसंवादाला मी जात नाही. प्रेतं दाखवली जातातच. कुणाची, एवढंच बघायचं असतं.

मार्च २००३. अमेरिकेची इराकवर चढाई सुरू होऊन तीन-चार दिवस झालेले. इराकी सरकारी टीव्हीनं पकडलेले अमेरिकी सैनिक आणि काही अमेरिकी सैनिकांची प्रेतं दाखवली, अल जझीरानं ती पुढे जगाला दाखवली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड खवळले. जिनिव्हा कराराची त्यांना तात्काळ आठवण झाली. युद्धकैद्याला लोकांच्या बघेगिरीपासून वाचवावं, असं तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं आणि ते योग्यच सांगतं. चार महिन्यांनी, २२ जुलैला, मोसुलमध्ये सद्दामचे दोन मुलगे, उदय आणि कुसय, मारले गेले. दोन दिवसांत त्यांच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यांचे फोटो खुद्द अमेरिकी लष्करानं वाटले. चेहरे नीट ओळखू येत नाहीत अशी कुरबुर झाली, तेव्हा ते सारवून-सावरून, दाढी वगैरे करून, पत्रकारांना बगदाद विमानतळावर चित्रीकरणासाठी बोलावलं. रम्सफेल्डसाहेबांनी निर्णयाचं समर्थन केलं. इराकी जनतेची खात्री पटायला हवी होती, हे कारण. कारण खोटं नव्हतं. पण मार्चमध्ये इराकी टीव्हीलाही कुणाची तरी खात्रीच पटवायची होती.

यासाठी एकट्या अमेरिकेला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. ही विद्या इंग्रजांकडची, आणि इंग्रजांनी तिचा सराव आपल्याकडे केला.

रॉजर फेंटन हा इंग्रज फोटोग्राफर १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला होता. इंग्रज सैनिक तिथे लढाईत मरत होते आणि त्याहून जास्त रोगराईनं मरत होते. फेंटननं साडेतीनशेच्या आसपास फोटो काढले. अधिकारी, तंबू, घोडे, आणि तोफगोळे पडलेली एक ओसाड दरी, जी पुढे फार गाजली. प्रेत एकही नाही. तीन वर्षांनी फेलिचे बियातो लखनौला पोचला. तिथल्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई कापले गेले होते. बियातोच्या फोटोत पडक्या इमारतीसमोरच्या अंगणात कवट्या आणि बरगड्या विखुरलेल्या दिसतात. मागे काही देशी माणसं उभी आहेत, एक घोडा आहे. हाडं फोटोसाठी उकरून मांडली असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत. युद्धातली प्रेतं दाखवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी हा एक. स्वतःच्या सैनिकांचं मरण ओसाड दरीनं सुचवलं, आपल्या शिपायांची हाडं मोजून घ्या म्हणून अंगणात मांडली. फोटोग्राफीचं तंत्र त्या तीन वर्षांत काही इतकं सुधारलं नव्हतं.

आपण मराठी माणसं या बाबतीत आणखी जुनी आहोत. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कशी कळली, ही गोष्ट शाळेपासून ऐकत आलो. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. विश्वासराव आणि भाऊ मोती, मोठे सरदार मोहरा, आणि दिवसभर उपाशी लढून मेलेला शिलेदार, बाजारबुणगा, भिस्ती हा सगळा खुर्दा. पत्र सांकेतिक होतं, वाटेत कुणी फोडलं तर कळू नये म्हणून. आजच्या बातमीला संकेताची गरज नाही, तरी हिशेबाची रीत तीच आहे. आमचा अधिकारी नावागावासकट, त्यांचे ‘पन्नासहून अधिक ठार’.

१९९१ चं आखाती युद्ध मुंबईनं टीव्हीवर थेट पाहिलं. केबलवाल्यांनी गच्च्यांवर छत्र्या उभ्या केल्या आणि सीएनएन चाळीत आलं. त्या युद्धानं कुवेतला सद्दामपासून सोडवलं आणि आपल्याला दूरदर्शनपासून. पण दिसलं काय? हिरवट आकाशातल्या ठिणग्या आणि नेमक्या जागी पडणारे बॉम्ब. जनरल श्वार्त्झकॉफ यांनी पत्रकारांना एक चित्रफीत दाखवली. पुलावर बॉम्ब पडायच्या क्षणभर आधी एक गाडी सुखरूप पलीकडे निघून जाते. हा इराकमधला सगळ्यात नशीबवान माणूस, असं जनरल म्हणाले. पत्रकार हसले. कमनशिबी माणसाची चित्रफीत त्यांच्यापैकी कुणी मागितली नाही.

तो कमनशिबी माणूस केन जारेकी या अमेरिकी फोटोग्राफरला २८ फेब्रुवारीला रस्त्यात भेटला. लढाई थांबली होती. जळून गेलेल्या एका ट्रकच्या समोरच्या काचेच्या जागी एक इराकी सैनिक होता, बाहेर पडायची धडपड करत असतानाच कोळसा झालेला. हात काठावर टेकलेले, चेहऱ्याचं जवळजवळ काही उरलेलं नाही, तरी तो चेहरा आपल्याकडेच बघतो. जारेकीबरोबर लष्कराचा जनसंपर्क अधिकारी होता, त्यानं हरकत घेतली नाही. हरकत न्यूयॉर्कमधल्या असोसिएटेड प्रेसच्या संपादकांनी घेतली आणि फोटो अमेरिकी वर्तमानपत्रांपर्यंत पोचलाच नाही. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’नं मार्चमध्ये तो छापला, वाद झाला. अमेरिकेतल्या वाचकाला तो काही महिन्यांनी एका फोटोग्राफीच्या मासिकात बघायला मिळाला, म्हणजे युद्धाची विजययात्रा निघून गेल्यावर.

संपादकांची काळजी नेहमीचीच. वाचक सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पेपर उघडतो, त्याची मुलं शेजारी बसलेली असतात. ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही, लहान मूल माझ्याही घरात आहे. पण युद्धासाठी मत देणारा, कर भरणारा आणि जिंकल्यावर फटाके वाजवणारा माणूस नेमका त्याच टेबलावर बसलेला असतो. त्याच फेब्रुवारीत अमेरिकी सरकारनं स्वतःच्या सैनिकांच्या शवपेट्या डोव्हरच्या हवाई तळावर उतरताना त्यांचे फोटो घ्यायला बंदी केली. ती २००९ पर्यंत टिकली. इराक्याचं प्रेत संपादकांनी झाकलं, अमेरिकी पेटी सरकारनं. असं युद्ध टेबलावर फारच स्वच्छ दिसतं.

आता ‘दाखवा’ म्हणणाऱ्यांची बाजू. त्यांचा एक भाबडा समज आहे की लोकांनी प्रेतं बघितली की युद्धं थांबतात. एर्न्स्ट फ्रीडरिश नावाच्या जर्मन माणसानं १९२४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या फोटोंचं पुस्तक काढलं. जबडा उडालेले, नाक नसलेले, तरीही जिवंत राहिलेले सैनिक, एकामागून एक. मजकूर चार भाषांत, म्हणजे कुणी समजलं नाही असं म्हणायला नको. पाठोपाठ बर्लिनमध्ये युद्धविरोधी संग्रहालय उघडलं. १९३३ मध्ये नाझींनी ते बंद करून जागा आपल्या गुंडांच्या पथकाला दिली, आणि सहा वर्षांनी त्याच शहरातून पुढचं महायुद्ध सुरू झालं. इतके फोटो बघूनही.

उलट प्रेत दाखवून युद्ध चालूही ठेवता येतं. सप्टेंबर १९४३ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं न्यू गिनीतल्या बुना किनाऱ्यावर वाळूत पडलेल्या तीन अमेरिकी सैनिकांचा फोटो छापला. जॉर्ज स्ट्रॉकचा. तोवर स्वतःच्या प्रेतांचे फोटो सेन्सॉरच्या कपाटात पडून असायचे. हा काही महिने अडकला होता, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीनं सुटला. कारण? घरचे लोक निर्धास्त होत चालले होते. युद्ध जिंकल्यातच जमा आहे असं त्यांना वाटू लागलं होतं. त्यांना जरा हलवून जागं करायचं होतं. चेहरा मात्र एकाचाही दिसत नव्हता. फोटो चांगला, धाडसाचा आणि सरकारच्या सोयीचा. तिन्ही एकाच वेळी असू शकतं, हे ‘दाखवा’ म्हणणाऱ्यांनी वहीत लिहून ठेवावं.

त्याच मोसमात, म्हणजे ऑगस्ट १९४३ मध्ये, कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’नं वेगळी प्रेतं छापली. त्यांना युद्धातली प्रेतं म्हणायची पद्धत नाही, पण ती युद्धाचीच होती. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर तिथला तांदूळ बंद झालेला, शत्रूला मिळू नयेत म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या नावा आणि धान्य सरकारनंच हलवलेलं, फौजेसाठी आणि कारखान्यांसाठी धान्याची खरेदी जोरात. खेड्यांतली माणसं कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन मरत होती आणि सरकार दुष्काळ जाहीर करत नव्हतं. संपादक इयन स्टीफन्स. गोरा माणूस, गोऱ्यांचा पेपर. २२ ऑगस्टच्या अंकात त्यानं फुटपाथवरच्या मरणाऱ्यांचे फोटो छापले, पुढच्या रविवारी पुन्हा छापले. अंक दिल्ली आणि लंडनपर्यंत पोचले. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. फोटोंनी ती वाचली नाहीत. एवढंच झालं की त्यानंतर ‘बंगालमध्ये तसं काही विशेष नाही’ हे वाक्य सरकारला सभागृहात उच्चारता येईना.

फोटोचं खरं काम इथे आहे. तो युद्ध थांबवत नाही, पण खोटं बोलणं महाग करतो. व्हिएतनाममधल्या मी लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी तुकडीनं बायका, मुलं, म्हातारे मारले. लष्कराच्या पहिल्या अहवालात ही लढाई होती: शत्रूचे १२८ ठार, तीन हत्यारं जप्त. १२८ माणसांत तीन हत्यारं. हा हिशेब कुणाला खटकला नाही. लष्कराचाच फोटोग्राफर रोनाल्ड हेबर्ले त्या दिवशी तिथे होता. लष्करानं दिलेल्या कॅमेऱ्यातले फोटो त्यानं लष्कराला दिले. स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत फोटो मात्र स्वतःकडे ठेवले. नोव्हेंबर १९६९ मध्ये क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’नं ते छापले. पायवाटेवर पडलेली प्रेतं, त्यात तान्ही मुलं. पत्रकार सेमूर हर्श यांची बातमी आठवडाभर आधी आलेली होतीच. फोटोनंतर त्या बातमीवर वाद घालणं अवघड झालं. व्हिएतनामच्या गणतीप्रमाणे मेलेले ५०४.

म्हणून पुरावा म्हणून प्रेत दाखवण्याच्या बाजूनं मी आहे. पण इथेच ढाका आडवं येतं.

१८ डिसेंबर १९७१. पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करून दोनच दिवस झालेले. ढाक्यात विजयसभा. मुक्तिबाहिनीचे कादर सिद्दीकी आणि त्यांचे लोक, समोर रझाकार, म्हणजे पाकिस्तानी सैन्याचे स्थानिक साथीदार, असल्याचा आरोप असलेले काही बांधलेले कैदी, भोवती हजारोंची गर्दी आणि परदेशी फोटोग्राफर. कैद्यांचा छळ सुरू झाला. हे आपल्या कॅमेऱ्यांसाठी चाललं आहे, आपण गेलो तर कदाचित थांबेल, असं वाटून काही फोटोग्राफर निघून गेले. असोसिएटेड प्रेसचे होर्स्ट फास आणि मिशेल लॉरां थांबले. कैदी संगिनींनी भोसकून मारले गेले. फास आणि लॉरां यांना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

गेलेले बरोबर की थांबलेले? जगातलं बरंच लोकमत बांगलादेशच्या बाजूनं असताना, भारत तर विजयाच्या धुंदीत असताना, जेत्यांचा हा चेहरा त्या फोटोंमुळेच नोंदला गेला, हे खरं. पण निकाल मागितलात तर मी निघून गेलेल्यांच्या बाजूनं देईन. कॅमेरा आहे म्हणून कुणी मारणार असेल, तर कॅमेरा खाली घ्यावा. माणूस मेला तरी चालेल पण नोंद राहिली पाहिजे, असं म्हणायचा अधिकार मरणाऱ्याला आहे, फोटोग्राफरला नाही. २०१४ मध्ये ‘इसिस’नं नारिंगी कपड्यातल्या ओलिसांचे गळे कापायच्या चित्रफिती बनवल्या, तेव्हा जगातल्या बहुतेक जबाबदार पेपरांनी तो क्षण दाखवला नाही. ते योग्यच केलं. मारणाऱ्यानं प्रसिद्धीसाठी बनवलेलं प्रेत आणि मारणाऱ्यानं लपवलेलं प्रेत यांत फरक आहे. पहिलं दाखवणं ही त्याची नोकरी, दुसरं दाखवणं ही पत्रकारिता.

आता जवळचं बघू. मे २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्यानं तमिळ वाघांचा म्होरक्या प्रभाकरन याचं प्रेत कॅमेऱ्यांसमोर ठेवलं. आपल्या वाहिन्यांनी ते दिवसभर फिरवलं. राजीव गांधींच्या हत्येचा सूत्रधार, त्यामुळे धूसर वगैरे करायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि त्याबद्दल कुणी रडलंही नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच्या धाकट्या मुलाचे, बारा वर्षांच्या बालचंद्रनचे, फोटो ‘द हिंदू’ आणि इतर काही दैनिकांत आले. चॅनल फोरसाठी माहितीपट करणारे कॅलम मॅक्रे यांनी ते मिळवले होते. एका फोटोत मुलगा जिवंत आहे. वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसून काहीतरी खातो आहे, नजर बाजूला. दुसऱ्या फोटोत तो जमिनीवर पडला आहे, उघड्या छातीवर गोळ्यांच्या जखमा. चकमकीत सापडून मेला, हे म्हणणं त्या दोन फोटोंच्या मध्ये कुठे बसवायचं? श्रीलंका सरकारनं फोटो खोटे ठरवायचा प्रयत्न केला. तमिळनाडूत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, महाविद्यालयं बंद करावी लागली, द्रमुक १९ मार्चला केंद्र सरकारातून बाहेर पडला, आणि दोन दिवसांनी जिनिव्हात मानवी हक्क परिषदेत भारतानं श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं. तसं मत आदल्या वर्षीही दिलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय फोटोला देऊ नये.

मला त्यात वेगळंच दिसतं. जास्त असह्य फोटो पहिला आहे. रक्ताचा थेंब नाही, कुठल्याही टेबलावर चालेल असा. संपादकाला अक्कल असेल तर काय दाखवायचं ते त्याला कळतं, आणि ती नसेल तर प्रेतांचा ढीग दाखवूनही काही दिसत नाही. रॉयटर्सच्या मोहम्मद सालेम यांच्या फोटोत, ऑक्टोबर २०२३ मध्ये खान युनिसच्या रुग्णालयात, एक बाई पांढऱ्या कापडात गुंडाळलेली भाची कवटाळून बसली आहे. बाईचा चेहराही दिसत नाही. परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे गाझात जाऊ दिलं जात नव्हतं, तेव्हा हे काम तिथल्याच पत्रकारांनी केलं, आणि ते करताना ते इतक्या संख्येनं मारले गेले की न्यूयॉर्कच्या पत्रकार संरक्षण समितीनं १९९२ पासून ठेवलेल्या नोंदीत तसं युद्ध दुसरं नाही.

आता संपादक राहिला कुठे, असंही कुणी म्हणेल. त्याची जागा यंत्रानं घेतली आहे आणि यंत्राची अक्कल शून्य. २०१६ मध्ये फेसबुकनं व्हिएतनाममधल्या नापामनं भाजून नागडी धावणाऱ्या मुलीचा १९७२ चा फोटो अश्लील म्हणून काढून टाकला. नॉर्वेच्या एका संपादकानं पहिल्या पानावर झुकरबर्ग यांना जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा परत लावला. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रानं सीरियातल्या युद्धाच्या चित्रफिती अतिरेकी प्रचार समजून धडाधड उडवल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिबियातल्या एका लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध अटकेचं वॉरंट काढलं, ते समाजमाध्यमांवर आलेल्या कत्तलीच्या चित्रफितींवरून. न्यायालय एका दारानं पुरावा मागतं, कंपनी दुसऱ्या दारानं तो फेकते.

आणि आपण? कारगिल हे आपलं पहिलं टीव्हीयुद्ध. तेव्हा एक गोष्ट नीट झाली होती, ती सांगायला हवी. पाकिस्ताननं सुरुवातीला आपले मेलेले सैनिक आपले म्हणायलाच नकार दिला. भारतीय सैन्यानं त्यांना कॅमेऱ्यांसमोर धर्माप्रमाणे, त्यांच्या झेंड्यात, दफन केलं. खोटेपणा उघडा पडला आणि प्रेताची अब्रूही राहिली. शत्रूचं प्रेत दाखवायचं ते असं.

वीस वर्षांत आपण किती पुढे गेलो बघा. २०१९ मध्ये बालाकोटनंतर प्रेतांचे फोटो हवे होते, नव्हते, म्हणून २००५ च्या काश्मीर भूकंपात मेलेल्यांचे फोटो ‘ठार केलेले दहशतवादी’ म्हणून फिरवले. सप्टेंबर २०२१ मध्ये काही वाहिन्यांनी अफगाणिस्तानच्या पंजशीर खोऱ्यातला हवाई हल्ला म्हणून ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं दाखवली. त्यात निदान कुणी मेलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना सल्ला दिला, प्रेतं आणि रक्त दाखवू नका. सल्ला चांगला होता. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात वाहिन्यांनी तो अशा प्रकारे पाळला की रक्त न दाखवता एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त केलं. सकाळी बंदर जागेवर होतं. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजले की खरा भोंगा ओळखू येणार नाही, म्हणून नागरी संरक्षण विभागाला ते वाजवू नका असं सांगावं लागलं.

त्याच्या पंधरा दिवस आधी पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, त्यातली सहा महाराष्ट्रातली. पतीच्या प्रेताशेजारी बसलेल्या एका तरुण बायकोचा फोटो देशभर फिरला. नंतर लोकांनी त्याचं जपानी कार्टूनच्या शैलीतलं गोंडस चित्र करून घेतलं आणि श्रद्धांजली म्हणून वाटलं. कुणी तिला विचारलं होतं का? आपल्या प्रेताचीही आपल्याला तेवढीच चाड, उपयोग होईपर्यंत.

भोंगे वाजत होते तेव्हा पूंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात आपली माणसं खरोखर मरत होती, त्यात लहान मुलंही होती. त्यांचं मरण आपल्या पडद्यावर फार कमी आलं, कराची मोठी बातमी होती. मेलेल्यांपैकी एक शिक्षक होता. त्याचा चेहरा मात्र आला, ठळक, स्वच्छ, कुठलाही ठिपका न लावता. काही वाहिन्यांनी त्याला ठार झालेला दहशतवादी म्हणून दाखवलं होतं. तो तसा नाही, हे पूंछ पोलिसांना जाहीर करावं लागलं. आपल्याच माणसाचं प्रेत, पण त्यांचं समजल्यामुळे एचडीत.

तेव्हा नियम काय असावा, यावर समिती नेमायची गरज नाही. आपल्या गावच्या जवानाचं प्रेत ज्या अंतरावरून, जेवढा वेळ, ज्या शब्दांत दाखवाल, तेवढंच समोरच्याचं दाखवा. चेहरा दाखवायचा तर घरच्यांना विचारून. मारणाऱ्यानं ते प्रेत लपवलं असेल तर मात्र न विचारताही. कुठे, कधी, कुणी मारलं आणि फोटो कुणी काढला, हे माहीत नसेल तर मुळीच नाही. मग बिनदिक्कत दाखवा, आमची मुलं आम्ही सांभाळू.

वाहिन्या हे आपण होऊन करतील, असं मला वाटत नाही. वाचकांपैकी ज्यांना एखादं दृश्य खरोखर सहन झालं नसेल, त्यांनी ते दहा जणांना पाठवण्याऐवजी तक्रार करावी. वर्तमानपत्राविरुद्ध ती प्रेस कौन्सिलकडे जाते. वृत्तवाहिनीविरुद्ध आधी त्या वाहिनीकडेच लेखी द्यावी लागते आणि उत्तरानं समाधान झालं नाही तर वाहिन्यांनीच नेमलेल्या प्राधिकरणाकडे. पहिल्या तक्रारीला मुदत सात दिवसांची आहे. दिवस पहिल्या प्रसारणापासून मोजतात.